'अ क्वाएट प्लेस' या भयपटाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच चांगला आहे का?

जवळपास. पण पहिल्याची सर नाही.

२०१८ च्या पहिल्या भागात राक्षस आवाजाच्या मागावर येतात, त्यामुळे आवाज केला की मेलात, हा नियमच नवा होता. जिन्यातला तो वर आलेला खिळा आठवतो ना? त्यावर पाय पडणार हे आधीच कळतं आणि आपण खुर्चीत पाय आखडून बसतो. २०२१ च्या दुसऱ्या भागात नियम माहीत असतो, राक्षसही लवकर आणि भरपूर दिसतात, त्यामुळे दडपण थोडं उतरतं.

सुरुवातीचा प्रसंग मात्र अफलातून. पहिला दिवस, लहान गावातला बेसबॉलचा सामना, आणि आकाशातून काहीतरी जळत येतं. एवढ्यासाठीही तिकीट वसूल! शिवाय यावेळी कथा मुलीच्या, रीगनच्या खांद्यावर आहे. ही कर्णबधिर मुलगी साकारणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतःही कर्णबधिर आहे. तिच्या बाजूने पाहताना आवाज पूर्ण बंद होतो, तेव्हा खरी भीती वाटते. किलियन मर्फीही छान. बेटावरचा भाग घाईत उरकलाय आणि शेवट अर्धवट तोडल्यासारखा वाटतो.

पहिला पाहिला नसेल तर आधी तो बघा, रात्री, हेडफोन लावून. पॉपकॉर्न नको, स्वतःच्याच कुरकुरीने दचकाल.