रुग्णालयातल्या मिडवाइफच्या कामाची परिस्थिती सुधारायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की प्रसूती कक्षातल्या मिडवाइफ थकून गेल्यात, कामात त्रुटी राहतायत, तर आणखी प्रशिक्षण दिल्याने फरक पडेल का. पडेल, पण टिकणार नाही. तिघींना एकाच वेळी कळा चालू आणि बघायला एकटी मिडवाइफ, तर सगळं येत असूनही तिचे हात पुरत नाहीत. म्हणून आधी माणसं आणि सामान बघा.

माणसांचा हिशोब खाटांवरून करू नका. दोन आठवडे, दर 4 तासांनी एका कागदावर टिपा: किती जणींचं गर्भाशयाचं तोंड 5 सेंटिमीटर किंवा जास्त उघडलंय, किती जणींना ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आवळायला लावणाऱ्या औषधाची) ड्रिप चालू आहे आणि त्या क्षणी कक्षात किती मिडवाइफ आहेत. रक्त आणायला किंवा पेशंटला ऑपरेशन थिएटरला सोडायला गेलेल्या मोजायच्या नाहीत. बाळाचे ठोके कळांच्या काळात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाई जोर करायला लागली की दर 5 मिनिटांनी ऐकायचे असतात, तेही प्रत्येक वेळी निदान पूर्ण मिनिटभर. दोघी एकदम जोर करत असतील तर एकटीला हे जमणारच नाही. हा कागद प्रशासनासमोर ठेवा. बऱ्याचदा त्यातून दिसतं की मिडवाइफचा बराच वेळ मदतनिसाच्या आणि कारकुनाच्या कामात जातोय. ती माणसं मिळवणं तुलनेने सोपं असतं.

पाळ्यांचं थोडक्यात: दोन पाळ्यांमध्ये निदान 11 तास विश्रांती हवी आणि रात्रपाळी संपवून त्याच दिवशी पुन्हा ड्युटी नको. खाट वर-खाली होत नसेल तर टाके घालताना बसायला चाकाचं स्टूल द्या, कंबर वाचते.

आता सामान. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नजरेच्या अंदाजाने कमीच धरला जातो, कारण रक्त चादरीत आणि कापसात मुरतं. बाळ बाहेर आलं की लगेच बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली पिशवीची शीट सरकवा. पहिला तासभर दर 15 मिनिटांनी आकडा, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा घट्टपणा लिहा. 500 मिलि झालं, किंवा 300 मिलि असतानाच नाडी-रक्तदाब बिघडला, तर एकेक उपाय करून वाट पाहू नका. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत, सलाइन आणि रक्त नक्की कुठून येतंय याची तपासणी, सगळं एकदम सुरू करा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत ही पद्धत तपासली गेली. 2023 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर परिणामांचं (1 लिटर किंवा जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू) एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलेलं होतं.

हे सगळं एका डब्यात, खाटेपासून हाताच्या अंतरावर हवं. फक्त ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणून छोटा फ्रिज प्रसूती कक्षातच असू द्या. ट्रेमध्ये दिवसभर उघड्यावर पडलेलं ऑक्सिटोसिन हळूहळू कमजोर होतं आणि मग गर्भाशय आवळलं नाही की बोल मिडवाइफला लागतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. डब्यावर कागदी सील लावा. सील तुटलं की त्याच पाळीत डबा भरून, तपासून, सही करून पुन्हा बंद.

आणि डब्याइतकीच महत्त्वाची आहे लेखी परवानगी. डॉक्टर येईपर्यंत या औषधांचा पहिला डोस मिडवाइफने स्वतः द्यायचा, असं विभागप्रमुखांच्या सहीने भिंतीवर लावलेलं असावं. नाहीतर औषध हातात असून फोन उचलला जाण्याची वाट बघत बसावं लागतं.

प्रशिक्षण त्यानंतर, आणि तेही सभागृहात नको. आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, 15 मिनिटं, त्याच खाटेवर, तोच डबा उघडून. एकदा रक्तस्राव, एकदा झटके, एकदा न रडणारं बाळ. सरावात डॉक्टर आणि मदतनीसही हवेत. काही बिघडलं तर दोन-तीन दिवसांत सगळ्यांनी बसा आणि आधी हे विचारा, की त्या वेळी कोणती वस्तू किंवा कोण माणूस हाताशी नव्हतं. नावं घेऊन झापलं जाणार असेल, तर पुढच्या वेळी नोंदवहीत खरा आकडा कुणी लिहिणार नाही.