मुलीच्या वहीतली ‘अशुद्ध’ वाक्यं

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण उत्तम आहेत आणि तिला पुढे भाषाविज्ञानात एम.ए. करायचं आहे. वडील लिहितात, ‘व्याकरण एमपीएससीच्या पुस्तकात सगळं दिलेलं आहे. त्यावर आणखी दोन वर्षं कशाला?’ पुण्यातल्या एमपीएससीच्या क्लासची फी त्यांनी परस्पर भरून टाकली आहे आणि दुसऱ्या कशासाठी पैसे मिळणार नाहीत, असं तिला बजावलं आहे. सोबत तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो आहे, ‘ती झोपली असताना काढलेला’. मी तिची समजूत घालावी, अशी त्यांची विनंती आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात गुणांविषयी काळजी करण्यासारखं काही नाही. मला काळजी वाटते ती त्या फोटोची. एकवीस वर्षांच्या मुलीची वही तिच्या नकळत उघडायची आणि तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून तिसऱ्या माणसाकडे पाठवायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. हेतू चांगला असेल, पण तिला हे दुसरीकडून कळलं तर ती तुम्हाला काहीही दाखवणं बंद करेल. आज संध्याकाळीच तिला स्वतःहून सांगा. फीचंही तसंच. घरची अडचण असेल तर ती मोकळेपणाने तिच्यापुढे मांडा, ती समजून घेईल. पण पैसे आहेत आणि ते फक्त तुमच्या पसंतीच्या परीक्षेसाठीच मिळतील, ही अट घालून मुलं अधिकारी होत नाहीत. ती क्लासला जातात, वर्षं काढतात आणि घरी फोन करायचं टाळतात.

आता त्या पानाविषयी. तुम्ही लिहिलंत, ‘चौथीतल्या पोराची वाक्यं, त्यातलं एक तर चक्क अशुद्ध.’ मी ते पान मोठं करून पाहिलं. ‘मी पोळी खाल्ली. तू पोळी खाल्लीस. त्याने पोळी खाल्ली.’ ‘त्याने’मधल्या ‘ने’भोवती गोल. बाजूला ‘म्यां? त्वां?’ आणि तळाशी ‘मी भाकरी खाल्लो – आजोबा’.

पत्रातला मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. ‘तू पोळी खाल्लीस’ यात क्रियापद पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी होतं आणि शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’साठी येतो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात. नाव मिळालं, उदाहरण पाठ झालं, एक गुण मिळाला. असं का होतं, हा प्रश्न जागच्या जागीच राहिला. तुमच्या मुलीला तोच पडला आहे. जुन्या मराठीत ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ अशी कर्त्याची वेगळी रूपं होती. ती गेली, ‘मी’ आणि ‘तू’ उरले. ‘त्याने’, ‘तिने’, ‘रामाने’ मात्र आजही ठणठणीत आहेत. काय घडलं ते इतिहास सांगतो. मग उलट का झालं नाही? ‘त्याने’ झिजून ‘म्यां’ का टिकलं नाही?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये डिर्बल नावाची भाषा आहे. मराठीशी तिचं काडीचंही नातं नाही. तिथेही नामाला कर्त्याचा खास प्रत्यय लागतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ या अर्थाच्या सर्वनामांना तो लागत नाही. रेघ त्याच जागी पडते. अमेरिकन भाषावैज्ञानिक मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली यामागचं कारण मांडलं. बोलणारा आणि ऐकणारा हे कर्ते असणं अपेक्षितच असतं, म्हणून तिथे वेगळी खूण लागत नाही. जसजसं त्या दोघांपासून दूर जावं, तसतशी खुणेची गरज वाढते. हे नुसतं वर्णन नव्हे. कोणत्या प्रकारची भाषा सापडायला हवी आणि कोणती सहसा सापडू नये, हे यातून आधीच सांगता येतं, आणि उलटं उदाहरण पुढे आलं की सिद्धान्ताला उत्तर द्यावं लागतं. दुसरे भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांची अपेक्षा आणखी वेगळी होती. घरात कानावर पडणाऱ्या तुटपुंज्या बोलण्यातून मूल एवढं व्याकरण कसं उभं करतं, हे सांगता आलं तरच त्यांच्या लेखी स्पष्टीकरण पुरं. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी आजही वाद घालत आहेत. म्हणजे विषय संपलेला नाही.

आणि आजोबांचं ते ‘अशुद्ध’ वाक्य मला पानातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. ‘मी भाकरी खाल्लो’मध्ये क्रियापद भाकरीला सोडून ‘मी’मागे गेलं आहे. तुमच्या भागात कन्नड शेजारी आहे आणि कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. हा त्या शेजाराचा परिणाम, की ‘म्यां’ जाऊन ‘मी’ आल्यावर तो साधा कर्ता वाटू लागला म्हणून? पहिलं खरं असेल तर सीमेपासून दूर हे वाक्य ऐकू येऊ नये. दुसरं खरं असेल तर ‘मी’ बदलला तरी ‘त्याने भाकरी खाल्ली’ तसंच टिकायला हवं. दोन्ही गोष्टी गावोगाव जाऊन, माणसांशी बोलून, मोजून तपासता येतात. इथे तिचं स्टॅटिस्टिक्स थेट कामी येतं. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, ते तिला पाहायला सांगा.

बाकी मार्ग थोडक्यात. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई, हैदराबाद आणि दिल्ली ही विद्यापीठं, दिल्लीतलंच जेएनयू. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा, पुढे प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा. पात्रतेच्या अटी प्रवेशसूचनेत नीट वाचाव्यात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि त्या भरायला वर्षं लागतात. फक्त त्या भरवशावर तिने जाऊ नये. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आजपासून शिकावी. भाषेचं तंत्रज्ञान करणाऱ्या कंपन्यांना आकडेमोड येणारी आणि मराठीची रचना कळणारी, अशी दोन्ही अंगं असलेली माणसं हवी असतात. तरीही पहिल्या वर्षी मोठ्या पगाराची खात्री मी देणार नाही. एमपीएससीत तरी ती कुठे आहे?

समजूत घालायचं काम मी घेत नाही. तुम्हीच ते पान तिच्यासमोर ठेवा आणि ‘ने’भोवती गोल का केलास, एवढंच विचारा. आजोबा असतील तर त्यांनाही बसवा. ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. क्लासची फी परत मिळते का, तेही या आठवड्यातच विचारून ठेवा. उशीर झाला की असे पैसे अडकतात.