‘अवेल’ला सुतकी म्हणावं का?

प्रश्न असा आहे: आई किंवा वडील गेल्यावर ज्यू माणूस सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना चालवतो. त्याचं वर्णन मराठीत ‘सुतकी माणूस पौरोहित्य करतो’ असं केलं तर चालेल का?

मला दोन्ही शब्द खटकतात. सुतक आलं की आपल्याकडे देवपूजा बंद होते, माणूस देवळाची पायरी चढत नाही. हिब्रूत शोक पाळणाऱ्याला ‘अवेल’ म्हणतात, त्याचं नेमकं उलट. पहिले सात दिवस तो घरी बसतो, तेव्हा लोकच प्रार्थनेला त्याच्या घरी जमतात. पुढे सिनेगॉगमध्ये आठवड्याच्या साध्या दिवशी प्रार्थना चालवण्याचा पहिला हक्क त्याचा. (शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणांना मात्र अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, रिवाजात तो सहसा पुढे उभा राहत नाही.) म्हणून ‘दुखवट्यातला’ हा शब्द बरा, त्यात विटाळाची छटा नाही.

पौरोहित्य तर नकोच. ज्यू परंपरेतला पुरोहित म्हणजे ‘कोहेन’, आणि ते पद जन्माने येतं. प्रार्थना चालवणाऱ्याला म्हणतात ‘शलिआह त्सिबूर’, म्हणजे जमलेल्यांनी आपल्या वतीने पुढे पाठवलेला माणूस.

आता ‘कद्दिश’, म्हणजे शोक करणारा प्रार्थनेच्या वेळी म्हणतो तो पाठ. याला काही जण ‘मृतांसाठीची प्रार्थना’ म्हणतात, पण त्या अरामी पाठात मृत्यूचा उल्लेखच नाही; सगळी देवाच्या नावाची थोरवी आहे. ऑर्थोडॉक्स प्रथेप्रमाणे किमान १० प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय तो म्हणता येत नाही, त्यामुळे शोक करणाऱ्याला रोज माणसांत यावंच लागतं. आईवडिलांसाठी तो ११ महिने म्हणतात. दुष्टांचा निवाडा १२ महिने चालतो अशी समजूत आहे. पूर्ण वर्ष म्हटलं तर आपणच आईबापांना दुष्टांत बसवल्यासारखं होईल! हे कारण मला फार हृद्य वाटतं.

शिवाय १६व्या शतकात पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इस्सेर्लेस यांनी नोंदवलंय की नुसतं कद्दिश म्हणण्यापेक्षा प्रार्थना चालवणं श्रेष्ठ. कद्दिशची सोय झाली ती प्रार्थना चालवता न येणाऱ्या अजाण मुलांसाठी. म्हणून भाषांतरात या दोन क्रिया एकाच शब्दात कोंबू नयेत.

‘सिनेगॉग’ तसाच ठेवावा. कोकणातले बेने इस्रायली ज्यू त्याला ‘मशीद’ म्हणत, पण आज वाचकाचा गोंधळ होईल. मी लिहीन: ‘वडील गेल्यावर तो सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवू लागला, आणि ११ महिने कद्दिश म्हणत राहिला.’