वाचकांचे प्रश्न : वाडीवरचे गोचीड

यंदाच्या पावसाळ्यात गोचिडांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रे बडोद्याची आहेत, आणि शहरातले घर व गावाकडची वाडी यांच्यातली ये-जा तिन्हींमध्ये आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सावली तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. गेल्या रविवारी तेथून दांडिया बाजारातल्या घरी परतल्यावर सात वर्षांच्या नातीच्या कानामागे मसुराएवढा गोचीड चिकटलेला दिसला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यावर रॉकेल लावले, तरी तो सुटेना. शेवटी बोटांनी ओढून काढला, तेव्हा तोंडाचा काळा तुकडा कातडीतच राहिला. नात खेळती आहे. तिचे रक्त तपासून घ्यावे का? इंटरनेटवर लाइम रोगाविषयी वाचल्यापासून मला स्वस्थ झोप लागलेली नाही.

उत्तर : आपली काळजी समजते, पण नातीला आज ना रक्ततपासणीची गरज आहे, ना प्रतिजैविकाची. लाइम रोग पसरवणारे गोचीड आयक्सोडिस या प्रजातीतले असतात, तर आपल्या भागात गुरांवर आणि कुत्र्यांवर सापडतात ते मुख्यतः हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस या प्रजातींचे असतात. परदेशातला मजकूर वाचून येथल्या मुलाची काळजी करू नये, कारण त्या नादात येथे खरोखर पाहायला हवे ते नजरेआड होते.

पाहायचे ते असे. गोचीड काढला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पुढचे दोन आठवडे ताप, डोकेदुखी, अंगदुखी, चावलेल्या जागी काळी खपली किंवा अंगावर पुरळ यांपैकी काही दिसते का याकडे लक्ष ठेवावे. पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरही उठले, तर कुत्र्याच्या गोचिडामुळे होणाऱ्या रिकेट्सिया या जिवाणूंच्या गटातल्या तापाची शंका घ्यावी लागते. हा ताप योग्य औषधाने उत्तम बरा होतो, परंतु साध्या विषाणूजन्य तापाचे औषध देत आठवडा घालवला तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता 'अमुक तारखेला गोचीड चावला होता' हे वाक्य आपणच आधी सांगावे.

कातडीत राहिलेला तुकडा सुईने कोरू नये. तो लहानशा काट्यासारखा काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुऊन त्यावर जंतुनाशक लावले की पुरे.

आता रॉकेलविषयी. रॉकेल, तेल, चुना, तंबाखूचे पाणी, पेटती अगरबत्ती हे सारे उपाय एकाच समजुतीवर उभे आहेत, की गोचिडाला त्रास दिला तर तो स्वतःहून सुटेल. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाला मागे वळलेले बारीक काटे असतात, आणि अनेक जातींचे गोचीड लाळेतून सिमेंटासारखा घट्ट होणारा स्राव सोडून स्वतःला कातडीत पक्के करतात. त्याला मनात आले तरी चटकन सुटता येत नाही. उलट डिवचलेला गोचीड लाळ आणि पोटातला द्रव जखमेत सोडण्याचा धोका वाढतो, आणि रोगाचे जंतू नेमके तेथेच असतात. बारीक टोकाचा चिमटा घेऊन गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरावे, पोटावर दाब येऊ देऊ नये, आणि न पिळता, न झटकता, एकसारख्या ताणाने सरळ वर ओढावे. चिमटा नसेल तर दोऱ्याची गाठ तोंडाशी आवळूनही हे साधते. काढलेला गोचीड नखाखाली चिरडू नये, कागदी चिकटपट्टीत बंद करून टाकावा.

वाडीवर जाताना मुलांना फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत. गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. तो गवतावरून किंवा जमिनीवरून चालत अंगावर चढतो, त्यामुळे फिक्या कापडावर तो वाटेतच दिसतो. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी कानामागे, केसांत, काखेत, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे हात फिरवून पाहावे.

प्रश्न : फतेगंजमध्ये आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. कुत्र्याला दर आठवड्याला औषधी साबणाने आंघोळ घालतो, पावडर लावतो, गळ्यात पट्टाही आहे, तरी आठ दिवसांत गोचीड पुन्हा येतात. आता ते भिंतीवर चढताना दिसू लागले आहेत. औषधे बनावट असतील का?

उत्तर : भिंतीवर चढणारे गोचीड हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि तीनदा उतरतो. अळी असताना त्याला सहा पाय असतात. ती रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत कात टाकते. पुढे आठ पायांची पिल्ले आणि मग पूर्ण वाढ झालेले गोचीडही हाच क्रम करतात, आणि शेवटी भरलेली मादी एखाद्या कोपऱ्यात हजारांवर अंडी घालते. पूर्ण वाढलेला गोचीड रक्ताविना कित्येक महिने तग धरतो. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर आपल्याला दिसतात ते थोडे, आणि बाकीचे सारे घरात दडलेले असतात. औषधे खरी असतील, पण आपण ती फक्त कुत्र्याला लावत आहात.

कुत्र्याची बिछायत उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. दाराच्या चौकटी, भिंतीच्या तळपट्टीच्या कडा, पलंगाचे सांधे आणि बाल्कनीतल्या भेगा यांत कीटकनाशकाची फवारणी करून नंतर त्या बुजवाव्यात, आणि अंडी पुढे फुटतात म्हणून फवारणी पुन्हा करावी. कुत्र्यासाठी पशुवैद्यांकडून वजनानुसार गोळी घ्यावी. फ्लुरालॅनरचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो, अफॉक्सोलॅनरचा महिनाभर. कुत्र्याला पूर्वी आकडी आली असेल तर ते आधी सांगावे. गोळी दिलेल्या कुत्र्यावर चढलेला गोचीड रक्त पितो आणि मरतो, त्यामुळे आपला कुत्राच घरातले गोचीड कमी करू लागतो. मात्र हे अनेक महिने चालू ठेवावे लागते, आणि दोन महिन्यांनी 'आता दिसत नाहीत' म्हणून थांबणाऱ्यांकडेच तक्रार परत येते.

दोन गोष्टी कृपया करू नयेत. गुरांवर फवारायचे औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला लावू नये. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्याचे औषध तिच्यापासून दूर ठेवावे, कारण मांजरांना ते प्राणघातक ठरते. कुत्रा मलूल झाला, खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचिडामुळे होणाऱ्या एर्लिकिया किंवा बबेसिया या रोगांसाठी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

प्रश्न : वाघोडियाजवळच्या आमच्या वाडीवर दोन संकरित गाई आणि एक म्हैस आहे. तेथे राहणाऱ्या कुटुंबातल्या बाई रोज दुपारी गुरांच्या अंगावरचे गोचीड नखांनी उपटतात आणि दगडावर चिरडतात. त्या म्हणतात की लहानपणापासून हेच करत आल्या आहेत. यात काही धोका आहे का?

उत्तर : हे पत्र आपण लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण गोचिडांविषयी मला येणारी बहुतेक पत्रे कुत्र्यांची असतात आणि रोज शंभर गोचीड हाताळणाऱ्या माणसाविषयी क्वचितच कोणी विचारते. होय, धोका आहे आणि तो गंभीर आहे.

जानेवारी २०११ मध्ये आपल्याच गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा रोग भारतात प्रथम निश्चित झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. पहिली रुग्ण असलेली गावातली स्त्री तर दगावलीच, पण तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांनाही प्राण गमवावे लागले. पुढच्या वर्षांत गुजरातेत इतरत्रही रुग्ण आढळले. हा विषाणू हायलोमा गोचिडांत असतो आणि त्यांच्यामार्फत गुरांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात आठवडाभर राहतो. जनावर मात्र आजारी दिसत नाही, त्यामुळे 'आमची गाय धडधाकट आहे' या भरवशाला येथे अर्थ नाही. माणसाला तो गोचीड चावल्याने होतो, तसाच चिरडलेल्या गोचिडाचे किंवा जनावराचे रक्त हातावरच्या चिरेतून आत गेल्यानेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यातला मृत्युदर १० ते ४० टक्के आहे. प्रत्येक गोचिडात हा विषाणू नसतो, बहुतेकांत नसतोच, पण कोणत्या गोचिडात तो आहे हे पाहून ओळखता येत नाही.

म्हणून त्या बाईंना आजच रबरी हातमोजे आणि एक चिमटा आणून द्यावा, आणि तो खर्च मालकाने करावा असे माझे स्पष्ट मत आहे. उपटलेले गोचीड साबणाच्या दाट पाण्यात किंवा रॉकेलच्या डब्यात टाकावेत. रॉकेलचा योग्य उपयोग एवढाच. मुळात रोज उपटण्याची वेळच येऊ नये. गुरांचा सामान्य गोचीड सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर काढतो आणि मग मादी जमिनीवर उतरून दोन-तीन हजार अंडी घालते. हायलोमाची पिल्ले गोठ्याच्या भिंतीत दडतात. गोठ्याच्या भेगा आणि गव्हाणीखालची जमीन यांवर, तसेच सर्व जनावरांवर एकाच दिवशी फवारणी करून पशुवैद्य सांगतील त्या अंतराने ती पुन्हा करावी. औषधाचे प्रमाण मनाने कमी करू नये, कारण कमी मात्रेतून वाचलेल्या गोचिडांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. फवारणीनंतर किती दिवस दूध काढून टाकायचे तेही विचारून घ्यावे. संकरित गाईंना गोचिडामुळे होणारा थायलेरियाचा ताप देशी गाईंपेक्षा अधिक जड जातो, म्हणून गळ्याच्या किंवा खांद्याच्या गाठी सुजून ताप आला तर गुजरातेतल्या १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर लगेच फोन करावा.

त्या बाईंना किंवा घरातल्या कोणालाही अचानक जोराचा ताप, डोके, मान व पाठ दुखणे, डोळ्यांना उजेड सहन न होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे असे काही झाले, तर घरातली ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, कारण तिने रक्तस्राव वाढतो. १०८ वर फोन करून त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्या भागात गोचिडाला 'इतरडी' म्हणतात. 'मी ढोरांची इतरडी काढते' हे त्यांनी तेथे पोहोचताच, कोणी विचारण्याआधी सांगावे, म्हणजे त्यांना हात लावणारी परिचारिका हातमोजे आणि मास्क आधी घालेल.