शाळेच्या लाकडी धनुष्यांना रेस्ट (बाण टेकवायचा आधार) कोणता लावावा? साधा चिकटवायचा प्लास्टिकचाच घ्या

राम राम सर, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला पण घाईघाईत लिहायचा विषय नव्हता म्हणून आता बसलोय. म्हंजे शहादा तालुक्यातल्या आश्रमशाळेत आठ लाकडी टेकडाऊन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली, सुटी करता येणारी धनुष्यं) आलीत, 16 ते 20 पाउंड ओढीची, सोबत अ‍ॅल्युमिनियमचे बाण, प्लास्टिकच्या व्हेनचे (मागच्या पात्यांचे), आणि दुकानदार म्हणतो मॅग्नेटवाला तारेचा रेस्ट आणि त्याच्यासोबत प्लंजर बटन (बाणाला बाजूने टेकू देणारं स्प्रिंगचं बटन) घ्या, नाहीतर पोरं मागं पडतील. मी म्हणेन नका घेऊ. एका अखंड तुकड्यात येणारा, मागून चिकटपट्टी असलेला प्लास्टिकचा रेस्ट घ्या, हॉयटचा सुपर रेस्ट किंवा त्याच धाटणीचा कुठलाही, आणि आठ नको, डबल घेऊन ठेवा. तरी पैसे वाचतील, त्यात बाण घ्या, बाण कधीच पुरत नसतात.

आता कारण सांगतो, कारण दुकानदारासमोर तुम्हाला बोलता आलं पाहिजे. बोटांनी दोरी सोडली की दोरी सरळ पुढे जात नाही, बोटांवरून घसरताना जराशी बाजूला जाते, त्यामुळे बाण वाकतो आणि पहिल्या झटक्यात त्याची कड रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या दांड्याच्या) बाजूला दाबली जाते. प्लंजरमधली स्प्रिंग तो दाब झेलते, ती किती कडक ठेवायची हे ट्यून करता येतं, बरोबर आहे. पण त्या ट्यूनिंगचा फरक कधी दिसतो? हात दर वेळी सारखाच सुटत असेल तेव्हा. नवीन पोराचे बाण दहा मीटरवरून अख्ख्या बटावर (निशाणाच्या गादीवर) पसरलेले असतात, त्यात स्प्रिंग अर्धा फेरा कमी-जास्त केली तर कुणाला कळणार आहे? प्लास्टिकच्या रेस्टला बाजूला छोटी लवचिक पाकळी असते ना, हलक्या धनुष्याला ती तेवढं काम करून देते. उद्या खरंच प्लंजर लावायची वेळ आली तर सुपर रेस्टची ती पाकळी कापून प्लंजरसोबत तोच रेस्ट वापरता येतो. आणि आधी हे बघा की तुमच्या लाकडी रायझरला प्लंजरसाठी थ्रेडचं भोक आहे का, सगळ्यांना नसतं, नसेल तर विषयच संपला. तारेच्या रेस्टची तार अगदी बारीक असते, आठ धनुष्यं चाळीस पोरांच्या हातातून फिरणार, पिशवीत कोंबली जाणार, ती तार सरळ राहणं कठीण आहे.

रेस्टशिवाय थेट शेल्फवरून (ग्रिपच्या वरच्या सपाट कडेवरून) मारता येतं का, असंही विचारलंय तुम्ही. येतं, पण खऱ्या पिसांचे बाण असतील तर, पीस दबून निघून जातं. प्लास्टिक व्हेन शेल्फला धडकते आणि बाण उडी मारतो, तुमच्या बाणांना ते चालणार नाही.

पोरं मोबाईलवर अदिती स्वामी आणि ओजस देवतळेचे व्हिडिओ बघतात आणि तसाच रेस्ट मागतात, हे सगळीकडेच चाललंय, आणि छानच आहे, 2023 ला बर्लिनला आपल्या महाराष्ट्राची दोघं वर्ल्ड चॅम्पियन झाली, पोरांनी बघायलाच पाहिजे. पण त्यांना समजावून सांगा की ते कंपाउंड (चाकं-केबलचं धनुष्य) आहे, तिथं दोरी रिलीज एडने (हातात धरायच्या यंत्राने) सुटते, बोटांनी नाही, म्हणून तिथले रेस्ट वेगळे. ब्रशवाला बिस्किट रेस्ट पण कंपाउंडवरच शोभतो.

चिकटवणं हे खरं महत्त्वाचं काम, इथं एक दुपार द्या. आधी चिकटपट्टीचा कागद काढू नका, रेस्ट नुसता धरून वर बाण ठेवून बघा. प्लंजरचं भोक असेल तर बाणाचा मध्य बरोबर भोकाच्या मध्यावर आला पाहिजे, भोक नसेल तर ग्रिपचा जिथं सगळ्यात खोल भाग आहे त्याच्या सरळ वर, आणि बाणाची व्हेन खाली शेल्फला लागणार नाही इतक्या उंचीवर. पेन्सिलने खूण करा. मग मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन ती जागा पुसा, पूर्ण वाळू द्या, बोटांचा घाम लागू देऊ नका, रेस्ट बसवून अर्धा मिनिट दाबून धरा आणि रात्रभर धनुष्य तसंच सोडा, लगेच पोरांच्या हातात देऊ नका. वरून बघितलं तर रेस्टचा दांडा बाणाच्या बाहेर फार आलेला दिसायला नको, आला असेल तर ब्लेडने हळूच कापा. हे झालं की मगच दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची जागा) ठरवा, टी आकाराचा बो स्क्वेअर लावून बाणाचं मागचं टोक काटकोनापेक्षा 3 ते 6 मिलिमीटर वर राहील असा. उलट्या क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगतो कारण बाहेरचे लोक हे सांगत नाहीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो, शहाद्याला पण काही कमी नसतं, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत धनुष्यं ठेवली की चिकटपट्टीचा गोंद मऊ पडतो आणि रेस्ट हळूहळू खाली सरकतो. पोरगं म्हणतं सर बाण वर-खाली चाललेत, आणि आपण त्याचा कोपर बघत बसतो. म्हणून ती पेन्सिलची खूण पुसू नका, महिन्यातून एकदा नजर टाका.

आता बाण रेस्टवरून पडतो ही तक्रार पहिल्या आठवड्यात येणारच, आणि सगळे रेस्टला दोष देतात. दहात नऊ वेळा दोष बोटांचा असतो. पोरगं नॉक (बाणाची मागची खाच) दोन बोटांत चिमटीसारखं दाबतं, ओढताना दोरी पिळली जाते आणि बाण बाहेर फेकला जातो. मधे स्पेसर असलेला टॅब (दोरी ओढताना बोटांवर घालायचा पट्टा) द्या, पहिलं बोट आणि मधलं बोट नॉकला टेकू नये एवढं सांगा, पडणं बंद होतं. आणि सर तुमच्याकडे एक गोष्ट जास्त दिसेल, धडगाव-अक्कलकुवाकडच्या पाड्यांवरची पोरं तीरकामठा हातात घेऊनच मोठी झालेली असतात, त्यांची नजर आणि ओढ बघून जीव खुश होतो, पण तीरकामठ्याला रेस्ट नसतो, बाण मुठीवरच टेकतो, म्हणून इथंही आपोआप डाव्या हाताचं बोट वर येतं बाणाला आधार द्यायला. ते पहिल्याच दिवशी थांबवा. प्लास्टिक व्हेनची कड बोटाच्या सांध्यावरून वेगात गेली की कातडी सोलते, आणि एकदा लागलं की ते पोर दोरी सोडायलाच घाबरतं. त्याला रागावू नका, त्याची सवय त्याच्या धनुष्यासाठी बरोबरच आहे, या धनुष्याला बाण ठेवायला जागा वेगळी आहे एवढंच दाखवा.

रेस्ट तुटायचं मोठं कारण म्हणजे बाण उलटा लावणं. तीनपैकी वेगळ्या रंगाची व्हेन रायझरपासून बाहेरच्या बाजूला पाहिजे, ती आत आली की रेस्टच्या दांड्याला थडकते. शंका असेल तर व्हेनवर टाल्कम पावडर थापून एक बाण मारा, रेस्टवर किंवा शेल्फवर पावडर कुठं लागली ते बघा, लगेच कळतं.

तारेचा रेस्ट आणि प्लंजर कुणाला द्यायचा? ज्याचे बाण 18-20 मीटरवर एका ठिकाणी जमायला लागले आणि ज्याला मेटलचा रायझर मिळणार आहे त्याला, तेव्हा शिबुया अल्टिमासारखा घ्या. इंडियन राऊंडला बांबूच्या धनुष्यावर कुणी उतरणार असेल तर ते 30 आणि 50 मीटरचं प्रकरण वेगळं, त्याला काय लावू देतात ते आधी आयोजकांकडून लेखी घ्या.

ऑर्डर देताना हात नीट लिहा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात असतं म्हणून लोक हमखास लेफ्ट हँड रेस्ट मागवतात, पाकिटावर आरएच म्हंजे उजव्या हाताने ओढणारा. हातात धनुष्य धरून बघा, खिडकीची (रायझरमध्ये बाणासाठी कापलेली) खाच डाव्या बाजूला असेल तर तो आरएच, उजवीकडे असेल तर एलएच. आठही तपासा, आणि फोटो टाकलेत तर भोकाची उंची मी बघून सांगतो.