सीमेपलीकडच्या ट्रकने धडक दिली. विमा कंपनी हात झटकते आहे

प्रश्न : टेक्सासमध्ये लारेडोच्या उत्तरेला, महामार्ग ३५ वर, मेक्सिकोतल्या एका ट्रकने आमच्या गाडीला मागून धडक दिली. पतीच्या मनगटाचे हाड मोडले. ट्रकची पॉलिसी एका दिवसाची होती आणि ट्रक परवानगीच्या हद्दीबाहेर होता, असे सांगून विमा कंपनी किरकोळ रक्कम देऊ करते आहे आणि दावा सोडल्याच्या कागदावर सही मागते आहे. ट्रकमालक सीमेपलीकडे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : त्या कागदावर सही करू नये. एकदा सही झाली, की पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तरी दरवाजा बंद झालेला असेल.

एका दिवसाची पॉलिसी ऐकून आपल्याला फसवणुकीची शंका आली असेल, पण तशी पॉलिसी बेकायदा नसते. केवळ कमर्शियल झोनमध्ये, म्हणजे सीमेलगतच्या शहरांभोवती आखून दिलेल्या पट्ट्यात, माल पोहोचवणाऱ्या मेक्सिकन कंपन्यांना चोवीस तासांचा किंवा अधिक मुदतीचा विमा घेण्याची मुभा आहे. मात्र रकमेत सवलत नाही : साध्या मालासाठी किमान ७,५०,००० डॉलरचे संरक्षण लागते आणि त्याच्या पुराव्याची इंग्रजी प्रत ट्रकमध्ये असावी लागते. म्हणून इथे खरा प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे धडकेच्या क्षणी पॉलिसी चालू होती की नाही. पुरवण्यांसह संपूर्ण पॉलिसी लेखी मागा आणि तिच्यावरची सुरू होण्याची व संपण्याची वेळ पोलिसांच्या अपघात अहवालातल्या वेळेशी ताडून पाहा. फोनवर सांगितलेली वेळ ग्राह्य धरू नका.

हद्दीबाहेरचा मुद्दा मला बराच कमकुवत वाटतो. अशा पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या एमसीएस-९० या पुरवणीत, निष्काळजीपणा परवानगीच्या मार्गावर वा प्रदेशात घडला असो वा नसो, विमा कंपनी त्रयस्थाची भरपाई देईल, अशी हमी असते. दिलेली रक्कम ती नंतर आपल्या ग्राहकाकडून वसूल करू शकते. परंतु ही हमी शेवटचा आधार म्हणून असते आणि ट्रकमालकाविरुद्ध अंतिम निकाल झाल्यावरच लागू होते, त्यामुळे त्याच्यावर दावा दाखल करणे टळत नाही. त्यासाठी सीमा ओलांडावी लागेलच असे नाही. मेक्सिकन ट्रक कंपन्यांना अमेरिकेत न्यायालयीन कागद स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. टेक्सासमधल्या प्रतिनिधीवर समन्स बजावले, तर परदेशात न्यायालयीन कागद बजावण्याविषयीच्या हेग कराराखाली स्पॅनिश भाषांतरासह मेक्सिकोत बजावणी करण्याचा वेळखाऊ मार्ग वाचतो.

आपल्याकडे ट्रकच्या दाराचे छायाचित्र असेल, तर त्यावरचा यूएसडॉट क्रमांक, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याने वाहतूक कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक, पाहा. शेवटी झेड हे अक्षर असेल, तर परवानगी कमर्शियल झोनपुरती असते. एक्स असेल, तर त्यापलीकडची. झेड असलेला ट्रक झोनबाहेर सापडणे हा नियमभंग आहे, पण तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तो सिद्ध करणारे कागद लवकर नाहीसे होतात : चालकाच्या कामाच्या तासांच्या नोंदी सहा महिने, तर वाहनातले दोष नोंदवणारे चालकाचे अहवाल तीनच महिने जपण्याचे बंधन आहे. म्हणून पुरावे जतन करण्याची नोटीस वकिलामार्फत याच आठवड्यात पाठवावी, आणि ती ट्रकमालकाबरोबरच ट्रेलरचा मालक व मालवाहतूक ठरवणारा दलाल यांनाही जावी. सीमेवरच्या फेऱ्यांत ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिनाचा भाग) मेक्सिकन आणि ट्रेलर अमेरिकन कंपनीचा, असे पुष्कळदा असते. ब्रेक वा टायर ट्रेलरचे निकामी निघाले, तर जबाबदार पक्ष अमेरिकेतच सापडतो.

आपली स्वतःची पॉलिसीही काढून पाहा. टेक्सासमध्ये विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या वाहनाविरुद्धचे संरक्षण ग्राहकाने लेखी नाकारलेले नसेल, तर ते पॉलिसीत असते.

परदेशी चालकांना इथे येऊच का देतात, असा संताप आपल्याला येत असेल, तर तो मी समजू शकते, तरी दावा त्यावर उभा करू नये, असे माझे ठाम मत आहे. मेक्सिकोचा केंद्रीय व्यावसायिक परवाना अमेरिकेने १९९१ पासून मान्य केला आहे, आणि इथल्या रस्त्यावर ब्रेक, टायर व कामाच्या तासांचे नियम त्या चालकालाही लागू आहेत. ज्यूरीला चालकाचे राष्ट्रीयत्व नव्हे, तर मोडलेला नियम दाखवावा लागतो.

टेक्सासमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे अपघातापासून दोन वर्षांची आहे. ट्रक वाहतुकीच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एफएमसीएसए या केंद्रीय यंत्रणेकडे तक्रार अवश्य करा, पण ती केल्याने किंवा विमा कंपनीशी बोलणी चालू असल्याने ही मुदत थांबत नाही.