शिकोकूची वारी की परिक्रमा?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे. जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध मंदिरांची पायी यात्रा करतात, तिच्यावर मराठीत लिहायचं आहे. ‘शिकोकूची वारी’ म्हटलेलं चालेल का? की यात्रा, तीर्थाटन, प्रदक्षिणा, परिक्रमा यांतला दुसरा शब्द घ्यावा? आणि चालणाऱ्याला वारकरी म्हणता येईल का?

माझ्या मते ‘परिक्रमा’ घ्यावा. ‘वारी’ घेऊ नये, आणि त्याचं कारण हा शब्द फक्त विठ्ठलाचा आहे हे नव्हे. ‘एकवार’, ‘वारंवार’ यांतला ‘वार’ म्हणजे खेप. वारी म्हणजे ठरलेल्या काळी, ठरलेल्या ठिकाणी, नेमाने केलेली खेप. म्हणून वारी ‘चुकते’, वारी ‘चुकवत नाहीत’. ‘आमच्या घरात वारी आहे’ असं म्हणतात, तेव्हा आजोबा जात होते, वडील गेले आणि आता मी जातो एवढं सगळं त्या चार शब्दांत येतं. शिकोकूच्या यात्रेला ठरलेली तिथी नाही. कोणी वसंतात निघतं, कोणी शरदात. एकदाच जाऊन येणारे पुष्कळ असतात आणि त्यांची यात्रा त्यामुळे अपुरी ठरत नाही. मुख्य म्हणजे तिथे पंढरपूर नाही. सगळ्यांची पावलं एकाच चौकटीकडे वळावीत असं ठिकाण त्या वाटेवर नाही.

शिवाय वर्तमानपत्री मराठीने ‘दिल्लीवारी’, ‘परदेशवारी’ असे शब्द रुळवून ठेवले आहेत. ‘जपानवारी’ असा मथळा दिसला की वाचकाला विमानतळ आठवतो. बाराशे किलोमीटर पायी चालण्याला तो शब्द तोकडा पडतो.

जपानी भाषा स्वतः हा भेद बराचसा पाळते. एका देवस्थानाला जाऊन येणं म्हणजे ‘माइरी’. इसेच्या मोठ्या देवस्थानाला जातात ती इसे-माइरी. अनेक स्थानं क्रमाने फिरून दर्शन घेणं म्हणजे ‘जुन्रेइ’. क्योतोच्या आसपासच्या प्रांतांतली कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, ३३ मंदिरं करतात ते जुन्रेइ. ‘हेन्रो’ हा शब्द मात्र खास शिकोकूचा मानतात. आज तो ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘सर्वत्र’ आणि ‘वाट’ असा होतो, पण जुन्या लेखनात पहिलं चिन्ह वेगळं आहे. त्याचा अर्थ कड, काठ. किनाऱ्याच्या कडेकडेने, कड्यांवरून आणि गुहांमधून साधना करत फिरणाऱ्या तपस्व्यांची ती काठवाट होती. जपानच्याच कुमानो भागातल्या यात्रावाटांची नाकाहेची आणि ओहेची ही नावं याच जुन्या शब्दाची. शिन्नेन नावाच्या भिक्षूने १६८७ मध्ये सामान्य माणसांसाठी या यात्रेची मार्गदर्शिका छापली, तिच्या नावातही हे काठाचंच चिन्ह आहे. बेटाच्या काठाने चालत जाण्याची ही कल्पना ‘परिक्रमा’ या शब्दात जशी येते तशी ‘यात्रा’ किंवा ‘तीर्थाटन’मध्ये येत नाही. ते दोन शब्द चुकीचे नाहीत, पण फार सैल आहेत.

मग ‘प्रदक्षिणा’ का नको? शब्द फोडून पाहिला की अडचण दिसते. प्रदक्षिणेत ‘दक्षिण’ आहे, म्हणजे उजवी बाजू. पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे त्या शब्दातच ठरून गेलं आहे. शिकोकूची मंदिरं साधारण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क्रमांक लावलेली आहेत आणि बहुतेक लोक तशीच चालतात. पण उलट्या क्रमाने जाण्याचीही मान्य परंपरा आहे, तिला ग्याकु-उची म्हणतात. लीप वर्षात उलट गेल्याने अधिक पुण्य लाभतं अशी तिथली श्रद्धा आहे.

तिच्या मागे एमोन साबुरोची कथा आहे. शिकोकूवरच्याच इयो प्रांतातल्या या धनवानाने दारात आलेल्या भिक्षूला हाकललं आणि त्याचं भिक्षापात्र फोडलं. पात्राचे आठ तुकडे झाले. पुढे त्याची आठही मुलं एकामागून एक गेली. तो भिक्षू म्हणजे कोबो दाइशी, ज्यांच्या नावाने ही यात्रा करतात ते आचार्य, होते हे कळल्यावर क्षमा मागण्यासाठी साबुरो त्यांच्या शोधात निघाला. वीस फेरे झाले तरी भेट नाही. एकविसाव्या वेळी तो उलट्या दिशेने निघाला आणि बाराव्या मंदिराच्या, शोसानजीच्या, डोंगरवाटेवर मरणासन्न असताना त्याला दाइशी भेटले. ज्या यात्रेत उलट चालण्यानेच भेट घडल्याची कथा आहे, तिला ‘प्रदक्षिणा’ म्हणणं मला पटत नाही. ‘उलटी प्रदक्षिणा’ हा शब्द स्वतःशीच भांडतो. ‘परिक्रमा’ म्हणजे नुसतं सभोवती चालणं, तिथे दिशेची सक्ती शब्दात नाही. नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हातालाच ठेवतात हे खरं, पण तो त्या परिक्रमेचा नियम आहे, शब्दाचा नव्हे.

नर्मदेमुळे मराठीला आणखी एक सोय झाली आहे. ज्यांना सगळी वाट एका दमात जमत नाही ते तुकड्या-तुकड्यांनी ‘खंड परिक्रमा’ करतात. शिकोकूत याला कुगिरी-उची म्हणतात. आठवडाभराची रजा काढून एक प्रांत चालायचा, पुढच्या वर्षी जिथे थांबलो तिथून पुढे निघायचं. सलग केली तर तोशी-उची. चालत सलग करायला साधारण चाळीस ते साठ दिवस लागतात. या सगळ्या शब्दांतल्या ‘उची’चं मूळ क्रियापद ‘उत्सु’, म्हणजे ठोकणे. पूर्वी यात्रेकरू आपल्या नावाची लाकडी किंवा धातूची पट्टी मंदिराच्या खांबावर खिळ्याने ठोकत. ५३व्या एनम्योजी मंदिरात १६५० सालची अशी तांब्याची पट्टी अजून आहे. आता कागदी पट्ट्या पेटीत टाकतात, त्यांना ओसामेफुदा म्हणतात, पण मंदिर ‘ठोकलं’ ही बोली टिकली आहे. मराठीत हे शब्दशः आणू नये. आपल्याकडे ‘अष्टविनायक केले’, ‘चारधाम केलं’ असं सहज म्हणतात, तसंच ‘आज तीन मंदिरं केली’ म्हणावं.

आंबेडकरी परंपरेतल्या वाचकांना ‘धम्मयात्रा’ जवळचा वाटेल, आणि तो शब्द फार मोलाचा आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखात तो आहे. आधीचे राजे शिकारीला आणि करमणुकीला ‘विहारयात्रा’ करत, आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असं तो सांगतो. याच आठव्या लेखाचा एक तुकडा पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याला सापडला. म्हणजे हा लेख आपल्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच कोरला गेला होता. तेव्हा ‘८८ विहारांची धम्मयात्रा’ असं कोणी लिहिलं तर मला आनंदच होईल. धम्मयात्रा हा मोठा वर्ग आणि परिक्रमा त्यातला एक प्रकार, असं मी मानतो.

वारी नको म्हटलं, तरी एका जागी ती खरोखर जवळ येते. या यात्रेचं बीजवाक्य आहे ‘दोग्यो निनिन’, सोबत चालणारे दोघे. एकट्याने चालणाऱ्याच्या टोपीवरही ते लिहिलेलं असतं. दुसरे सोबती म्हणजे कोबो दाइशी. त्यांचं हयातीतलं नाव कूकाइ, जन्म ७७४ चा, याच बेटावरचा. ८०४ मध्ये ते चीनला गेले आणि परत येऊन त्यांनी जपानमध्ये शिंगोन पंथ स्थापला. ‘शिंगोन’ हे ‘मंत्र’ या संस्कृत शब्दाचंच चिनी वळणाचं भाषांतर आहे. यात्रेकरूच्या हातातली काठी म्हणजे दाइशीच, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठी धुतात. पालखीत माउलींच्या पादुका घेऊन चालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि कूकाइंच्या अखेरीबद्दल लिहिताना तर मराठीइतकी नेमकी भाषा क्वचितच मिळेल. ८३५ मध्ये ते ‘वारले’ असं त्यांचे अनुयायी म्हणत नाहीत. कोयासान पर्वतावर ते ध्यानस्थ झाले आणि अजून ध्यानात आहेत असं मानतात, आजही तिथे त्यांना रोज जेवण नेतात. या घटनेचा जपानी शब्द ‘न्यूजो’. इतर भाषांत याला लांबलचक खुलासा करावा लागतो. आपल्याकडे आळंदी आहे, म्हणून ‘संजीवन समाधी घेतली’ एवढंच लिहावं.

आता चालणाऱ्याचं नाव. जपानीत ‘हेन्रो’ म्हणजे यात्राही आणि यात्रेकरूही. गावकरी हाक मारतात ती ‘ओहेन्रो-सान’ अशी, पुढेमागे आदरार्थी जोड लावून. ‘वारकरी’ नको, कारण त्यात माळ, एकादशी आणि पंथाची दीक्षा येते. ‘परिक्रमावासी’ चांगला आहे. ‘वासी’मुळे काही काळ माणूस त्या वाटेवरच राहायला गेला आहे हे कळतं. पण संवादात ‘ओहेन्रो-सान’ तसाच ठेवावा, हाकेतला जिव्हाळा भाषांतरात उरत नाही.

‘ओसेत्ताइ’बद्दल वेगळा प्रश्न आलेला नाही, तरी लिहिणाऱ्याला तो अडेलच. वाटेवरचे लोक यात्रेकरूला संत्री, चहा, भाताचे गोळे, कधी चार नाणी देतात. घेणाऱ्याने नाकारायचं नसतं, उलट आपल्या नावाची कागदी पट्टी द्यायची असते. समुद्रापलीकडच्या किइ प्रांतातून लोक मंडळी करून बोटीने पहिल्या मंदिरापाशी हे द्यायला येत आले आहेत. याला ‘सदावर्त’ म्हणण्याचा मोह होतो, पण सदावर्त एका जागी, एका संस्थेचं, कायम चालणारं असतं. रस्त्यात थांबवून एखादी आजी हातावर मोसंबं ठेवते, ते सदावर्त नव्हे. ‘सेवा’ म्हणावं. देणाराच त्यात स्वतःला धन्य मानतो हा भाव ‘सेवा घ्या, माउली’मध्ये पुरा उतरतो.

लेखनाचं म्हणाल तर ‘हेन्रो’ असं जोडाक्षराने लिहावं. ‘हेनरो’ लिहिलं तरी मराठी वाचक बरोबर उच्चारेल, पण हिंदी-इंग्रजी वळणाचं ‘हेनरू’, ‘हेंरो’ टाळावं. ‘शिकोकू’चा शेवटचा ऊ आपल्या नियमाप्रमाणे दीर्घ. पहिल्या उल्लेखाला ‘शिकोकूची ८८ मंदिरांची पायी परिक्रमा, म्हणजे हेन्रो’ असं एकदा सांगितलं की पुढे नुसतं ‘परिक्रमा’ पुरे.